कच्च्या लिंबाची लाथ

आत्ताच घरी आलेय, कपडेसुद्धा बदलले नाहीत, त्या डीजेनं डोकं अजून ठणकतंय. पण लिहिल्याशिवाय झोप येणार नाही, लांबलं तर लांबू दे.

चिऊच्या वर्गातल्या एका मुलाचा वाढदिवस होता. हॉल, फुग्यांची कमान, माईकवाला अँकर, सगळं पॅकेजमध्ये. समोरच्या फ्लॅटमधला सोनू पण आमच्याबरोबर होता, चार वर्षांचा आहे, त्याची आई शनिवारी ड्युटीवर असते म्हणून मीच घेऊन गेले. पहिलाच गेम स्टॅच्यूचा. गाणं थांबलं, सोनू हलला, चार वर्षांचं पोर हलणारच ना, आणि तो अँकर माईकवरून ओरडला, 'रेड टीशर्ट, आऊट!' सोनूला कळलंच नाही की रेड टीशर्ट म्हणजे आपण. मग एका ताईनं त्याला दंडाला धरून भिंतीकडच्या खुर्चीवर नेऊन बसवलं आणि हातात एक फुगा दिला. मग दुसरी फेरी, तिसरी फेरी, आऊट झालेलं प्रत्येक पोर खुर्चीवर. मी घड्याळ बघितलं, पस्तीस मिनिटं तो तिथे बसून होता. फुग्याची दोरी बोटाला गुंडाळायची, बोटाचं टोक लालबुंद झालं की सोडायची, परत गुंडाळायची. मी जवळ गेले तर मला विचारतो, 'काकू, मी परत कधी खेळायचं?'

मला उत्तरच देता येईना. कारण त्या गेममध्ये परत खेळायचं नसतंच. शेवटी एक मोठा मुलगा जिंकला, त्याला भलामोठा बॉक्स मिळाला, टाळ्या झाल्या, बाकीची पोरं खुर्च्यांवर. अरे, पोरांना घरी बोलावता ते बसवून ठेवायला का?

आणि ज्याचा वाढदिवस तो कुठे होता? तो मुकुट घालून सोफ्यावर. फोटोग्राफर त्याला हलू देईना. एकदा पळत खेळायला आला होता बिचारा, तर 'बेटा, शर्ट चुरगळेल' म्हणून परत नेला. सात वर्षांचा मुलगा स्वतःच्या वाढदिवसाला खेळला नाही हो! कुणाला काही वाटलंच नाही त्याचं.

मला सारखा माझा नववा वाढदिवस आठवत होता. १९९१चा मे, सांगली, गावभागातला आमचा वाडा. सुट्टी होती म्हणून आत्याची, मामाची सगळी पोरं जमलेली, वाड्यातली धरून आम्ही पंधराएक जण. संध्याकाळी ऊन उतरल्यावर डबा ऐसपैस सुरू झाला. चकलो आणि राज्य आलं नेमकं माझ्यावर. मी म्हटलं माझा वाढदिवस आहे, मी राज्य घेणार नाही. दादा म्हणाला वाढदिवस घरात, इथे राज्य म्हणजे राज्य. डबा होता डालड्याचा जुना, पत्र्याचा, आत खडे घालून तोंड चेपलेला, लाथ बसली की वाड्याच्या दिंडी दरवाजापर्यंत खडखडत जायचा. मी अर्धा-पाऊण तास राबून एकेकाला हुडकलं, कोण जिन्याखाली, कोण न्हाणीघरात, मामाचा मुलगा तर धुण्याच्या दगडामागे. सगळे सापडले, फक्त बंड्या राहिला. बंड्या म्हणजे शेजारच्या काकूंचा, चार वर्षांचा, कच्चा लिंबू. म्हणजे खेळतो पण त्याच्यावर राज्य येत नाही. मी त्याला मोजलंच नव्हतं. आणि तो हळूच तुळशीवृंदावनाच्या मागून आला, चड्डी वर ओढली आणि डब्याला लाथ मारली. सगळे सुटले! अख्खा वाडा ओरडत पळाला.

बाकीचं सांगते नंतर.

आधी हे सांगायचंय, की कच्चा लिंबू हा शब्द आजच्या त्या हॉलमध्ये कुणाला माहीत असता तर सोनू खुर्चीवर गेला नसता. आपल्या खेळांमध्ये लहानांची सोय होती, आणि ती आईबापांनी केलेली नव्हती, पोरांनीच लावलेली. धाकटं भावंडं काखोटीला मारल्याशिवाय आई बाहेर सोडायचीच नाही, मग त्याला घेऊन खेळायचं कसं तर कच्चा लिंबू करून. आणि आऊट झालेल्याला परत आणायची वाट तर खेळातच असायची. विषामृतात विष मिळालं की पुतळा व्हायचं, पण भिडूनं हात लावून अमृत दिलं की परत पळायचं. डबा ऐसपैसमध्ये शेवटच्या भिडूनं लाथ मारली की सगळे सुटतात. लगोरीत सात ठिकऱ्या फुटल्या तरी परत रचायच्याच असतात, बॉल पाठीत बसायच्या आत. कोण खुर्चीवर बसतंय? मामाचं पत्र हरवलं हा खेळ तर गोलात बसूनच असतो, तिथे कुणी आऊट होत नाही, पकडला गेला तर त्याच्यावर राज्य, बस.

संगीत खुर्ची आमच्याही वेळी होती, त्यात आऊट व्हायचं, मान्य. पण ती पाच मिनिटांत संपायची आणि बक्षीस म्हणून पेन्सिल मिळायची.

नवरा म्हणतो तू उगाच चिडतेस, त्या बर्थडेवाल्या मुलाच्या आईला नोकरी आहे, घरात पंचवीस पोरं मावत नाहीत, तिनं पैसे देऊन काम सोपं केलं. बरं. नोकरी मलाही आहे. आणि काम सोपं झालेलं मला काही दिसलं नाही, ती बाई तीन तास त्या हॉलमध्ये पळत होती, अँकरला सांग, केकवाल्याला फोन कर, स्वतः एक घास खाल्ला नाही. निघताना माझा हात धरून विचारलं, 'सगळं नीट झालं ना गं?' मी म्हटलं खूप छान झालं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलेलं बघून दुसरं काही बोलवेना. तिच्यावर माझा राग नाहीच खरं तर. तिला कुणी सांगितलंच नाही की हे एवढं करायची गरज नसते, आपण सगळ्याजणी एकमेकींच्या पार्ट्या बघून घाबरून पुढची पार्टी ठरवतो. गेल्या वेळी मी पण तेच केलं होतं.

खाण्याचं तर बोलायलाच नको. थंडगार पास्ता, नगेट्स, अर्ध्या प्लेटा तशाच कचऱ्यात. आमच्याकडे आई आणि आजी सकाळपासून कामाला लागायच्या पण पदार्थ चार. केळं घालून साजूक तुपातला शिरा, बटाटेवडे, भडंग आणि पन्हं. भडंग सांगलीचं म्हणजे काही विचारू नका, आजी लसूण सालासकट ठेचायची, तेलात तांबूस होईपर्यंत थांबायची, मग कढीपत्ता, शेंगदाणे, लाल तिखट, वरून पिठीसाखरेची चिमूट, आणि चुरमुरे शेवटी, आणि मग पातेलं दोन्ही हातांनी धरून आसडायचं, चमचा लावायचा नाही, चुरमुरा मोडतो. तो वास आला की गल्लीतली पोरं न बोलावता यायची. न बोलावता! आणि कुणी परत गेलं नाही, एक वडा अर्धा अर्धा केला पण दिला. आता तर गेस्टलिस्ट असते, 'प्लीज कन्फर्म, पर प्लेट काउंट द्यायचाय' असे मेसेज येतात.

सगळं तेव्हाचं चांगलं होतं असं मी म्हणत नाही. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींची मुलगी आमच्यात खेळायची पण पानावर आमच्याबरोबर बसायची नाही, तिचं खाणं मागच्या दारी द्यायचे. आज आठवलं की लाज वाटते. ते परत आणायचं नाहीये, ती चूक होती आणि राहणार.

तर त्या दिवशी. बंड्यानं लाथ मारली आणि मी रडायलाच लागले. म्हटलं तो कच्चा लिंबू आहे, त्याची लाथ मोजायची नाही. अर्धी पोरं माझ्या बाजूनं, अर्धी त्याच्या, हमरीतुमरी. हे नियम काही कुठे लिहिलेले नव्हते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली खो-खोचे नियम बसवले म्हणून तो खेळ मैदानावर टिकला, जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत त्याचा पहिला वर्ल्ड कप झाला आणि आपल्या मुलींनी, मुलांनी दोन्ही कप जिंकले, तेव्हा मी टीव्हीसमोर ओरडत होते. पण डबा ऐसपैसचा कायदा गल्लीगणिक वेगळा, भांडूनच ठरवायचा. शेवटी सगळे ओट्यावर आजीकडे. आजी कैऱ्यांचा गर काढत होती. मान वर न करता विचारलं, 'लाथ लागली का डब्याला?' मी म्हटलं लागली, पण तो कच्चा आहे. 'कच्चा असला तरी पाय त्याचाच की गं. घे राज्य.'

आणि मी घेतलं. वाढदिवसाच्या दिवशी, नवीन फ्रॉक घालून, नाक पुसत. बंड्या इतका खूश होता की त्यानंतर तो लपायचाच नाही, डब्याभोवतीच फिरायचा.

दिवेलागणीला आत बोलावलं, हातपाय धुवायला लावले, पाटावर बसवलं, पाटाखाली रांगोळी. आजीनं ताम्हणातली सुपारी आणि तिची अंगठी आधी ओवाळली, मग निरांजन, कपाळावर कुंकू-अक्षता, तोंडात साखर. गुडघा फुटलेला, त्यावर हळद दाबलेली. त्या ओवाळण्यात सगळी पोरं दाटीवाटीनं उभी होती, कुणी फोटो काढत नव्हतं, आणि माझ्याकडे त्या दिवसाचा एकही फोटो नाही, तरी आजीच्या बोटाला येणारा कैरीचा वास मला आत्ता येतोय. दिवा विझवून वाढदिवस करायचा ही गोष्ट तिला कधी पटलीच नाही. केकला तिचा विरोध नव्हता हं, आई कुकरमध्ये वाळू घालून केक करायची, आजी आवडीनं खायची. मेणबत्ती फुंकायची वेळ आली की मात्र उठून आत जायची.

माझा राग जरा उतरलाय आता. चिऊ झोपलीय.

तिचा वाढदिवस जानेवारीत आहे, संक्रांतीनंतरच्या रविवारी करतोय. मी ठरवलंय, हॉल नाही. सोसायटीच्या मागे पार्किंगला लागून रिकामी जागा आहे, कमिटीला विचारलं, संध्याकाळी चार ते सात मिळाली, कुरकुर करत का होईना. मटारच्या करंज्या, शिरा, भडंग, गाजराचा हलवा. भडंग मी स्वतः करणार, बाकीला समोरची (सोनूची आई) आणि खालच्या काकू येतायत, त्यांनी स्वतःहून सांगितलं. सोनू लहान आहे अजून, त्याचं बोरन्हाणही त्याच दिवशी उरकणार, हलव्याचे दागिने घालून बसवायचं आणि चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, बत्तासे डोक्यावरून ओतायचे, पोरांनी लुटायचे. तो कार्यक्रम म्हणजे लहान पोरांची पार्टीच की, आपली, केव्हापासूनची. हल्ली त्यातही चॉकलेटं ओततात. मी नाही ओतणार. एखादी आई म्हणेल बोराची बी घशात अडकेल, तर लहानांना बी काढून देऊ, पण बोरं असणार.

रिटर्न गिफ्ट म्हणून प्रत्येकाला पाच सागरगोटे, जुन्या साडीच्या छोट्या पिशवीत. सागरगोटे काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात, औषधात वापरतात ना ते, मी कालच आणलेत, आत्ता टेबलावर आहेत. राखाडी, गुळगुळीत, हातात घेतले की गार. चिऊला झेलून दाखवले, पहिल्यांदा मला तीनच झेलता आले, चौथ्या वेळी पाचही आले आणि ती अशी बघत राहिली की जणू जादू केली मी.

कृपया कुणी महागडी गिफ्ट आणू नका, मुलांना मळले तरी चालतील असे कपडे घाला, आणि धाकट्या भावंडांना आणायचंच आहे, त्यांना घरी ठेवून येऊ नका.

झोपताना चिऊनं विचारलं, 'आई, माझा बर्थडे आहे तरी मला राज्य येईल?' म्हटलं चकल्यावर आलं तर येईल. थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'आणि सोनूनं डबा उडवला तर?'

लगोरीसाठी फरशीचे तुकडे खाली बिल्डिंगच्या कामातून मिळालेत. डबा मात्र मिळत नाहीये. तेल, तूप, बिस्किटं सगळंच आता प्लॅस्टिकमध्ये येतं. कुणाकडे पत्र्याचा जुना डबा पडला असेल, दोन-तीन किलोचा, चेपलेला असला तरी चालेल, तर मेसेज करा, मी येऊन घेऊन जाईन.