‘तीच टेप, तरी हातांना मुंग्या’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

एक तारा देऊन तुम्ही लिहिलंत की जुन्या सायकलच्या हँडलवर गुंडाळलेली होती तीच टेप मागितली, तरी नवं हँडल काठीसारखं लागतं, सिंहगड उतरताना हातांना मुंग्या येतात, पंधरा दिवसांत डावीकडची टेप सुटली, आणि वर अरुंद हँडल बसवायचे साडेतीन हजार सांगतात, म्हणजे लूट.

डावीकडची टेप सुटली ती आमच्या चुकीने. टेप ड्रॉपच्या, म्हणजे हँडलच्या खाली वळलेल्या भागाच्या, टोकापासून वर गुंडाळत आणतात, आणि सीटवरून बघितलं तर उजवीकडे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, डावीकडे उलटी. ड्रॉपवर जोर आला की मनगट बाहेरच्या बाजूला वळतं. टेप त्याच दिशेला असेल तर आवळत जाते, नाहीतर उकलते. आमच्या नव्या पोराने दोन्हीकडे एकाच दिशेने गुंडाळली, तुमच्या फोटोत ते स्पष्ट दिसतंय. सायकल बाहेर जाण्याआधी बघायचं काम माझं. त्या दिवशी मी बघितलं नाही.

जाडीचं प्रकरण वेगळं आहे. टेप तीच होती, अडीच मिलिमीटरची. बदललं ते तिच्या खालचं. जुन्या हँडलवर ब्रेकची ५ मिमीची आणि गिअरची ४ मिमीची आउटर केबल (तारेवरचं जाड आवरण) टेपखालून जायची, आणि तुमचा तळहात इतकी वर्षं त्या फुगवट्यावर टेकत होता. नव्या सायकलमध्ये सगळं हँडलच्या पोटात गेलं. उरला नुसता गोल पाइप, ड्रॉपमध्ये जेमतेम २४ मिमीचा. त्यावर तीच टेप म्हणजे गादी काढून चादर अंथरली. तुम्ही ‘तीच’ म्हणालात आणि आम्ही तीच दिली. लपवलेल्या केबलचं हँडल समोर दिसत असताना एक प्रश्न विचारायला हवा होता.

माझ्या मते तुम्हाला तीन-साडेतीन मिलिमीटरची जाडी हवी, पण सगळीकडे नाही. तुमच्या हँडलचा वरचा भाग चपटा आहे, तिथे जाड टेप घातली की मूठ नीट बसत नाही. त्यापेक्षा अडीचचीच ठेवून, जिथे जुन्या केबल होत्या तिथे खाली जेलची पट्टी घालू. आणखी एक, जाड टेप पुरवायला म्हणून ताणली तर वळणावर ती पातळच होते, मग पैसे वाया. मुंग्यांचा सगळा दोष टेपवर टाकू नका. सीटचं नाक खाली झुकलेलं असलं तरी अंगाचा भार हातांवर येतो, तेही बघून देतो.

साडेतीन हजार टेपचे नव्हते, आणि त्यात हँडलची किंमतही नव्हती. अरुंद हँडल बसवायचं तर आतले हायड्रॉलिक ब्रेकचे होज, म्हणजे तेलाच्या नळ्या, सोडवून नव्यातून ओवायचे, मग दोन्ही ब्रेक ब्लीड करायचे, म्हणजे तेलात शिरलेली हवा काढायची. केबल बाहेर असत्या तर तासाभरात झालं असतं. दिसायला सुंदर असलेल्या या सायकलींची मजुरी अशी असते, हे विकणाऱ्याने सांगायला हवं, पण सहसा कुणी सांगत नाही.

मंगळवार सोडून कधीही या. टेप आणि जेलची पट्टी आमच्याकडून, मजुरी नाही, गुंडाळणार मी स्वतः. जुनी सायकल अजून घरात असेल तर तीही आणा. दोन्ही हँडलांवर व्हर्नियर लावून जाडी मोजू आणि मगच टेप कापू.