निगेटिव्हवर उमटलेले आकडे : दुकानातर्फे उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ‘मुदत संपलेला माल विकतात आणि रोल धुताही येत नाही’ हे तसंच सोडून देता येणार नाही. खोक्यावरची मुदत अजून संपलेली नाही, तुम्हीच बघा.

गड्ड्याच्या यात्रेत काढलेल्या तुमच्या फिल्मच्या रोलवर (माप ‘120’, म्हणजे 35 मिमीपेक्षा रुंद फिल्म), नंदीध्वजांच्या वरच्या मोकळ्या आकाशात आकडे आणि ठिपके आलेत. फिल्म रसायनांत धुताना चुकलं तर बुडबुड्यांचे गोल डाग राहतात, पाण्यातल्या क्षारांचे ओघळ वाळतात. आकडे येत नाहीत. त्याच टाकीत दुसऱ्या एका गिऱ्हाईकाचा रोल होता, तो स्वच्छ निघाला.

हे आकडे फिल्मच्या पाठीमागे गुंडाळलेल्या कागदावर छापलेले, फोटोंचे क्रमांक आहेत. 35 मिमीच्या रोलला असा कागद नसतो. 120ला असतो, आणि फिल्म त्याला घट्ट चिकटून गुंडाळलेली असते. उष्णता आणि दमट हवा लागली की कागदावरच्या शाईची खूण फिल्मवर उतरते. गर्दीच्या फोटोत ती लपते, आकाशात उघडी पडते. तुमच्या रोलचा कागद आम्ही जपून ठेवलाय. निगेटिव्हवर ठेवला की आकड्यावर आकडा बसतो.

हा दोष नवा नाही. 2016च्या सुमारास कोडॅकच्या 120 रोलच्या काही बॅचेसमध्ये हेच झालं होतं. नंतर त्यांनी कागद बदलला, तर त्यावरचे आकडे इतके फिके की जुन्या कॅमेऱ्याच्या पाठीवर फोटोचा क्रमांक बघायला असलेल्या लाल खिडकीतून दिसता दिसेनात! तुमचा रोल त्यांचा नव्हता, पण रोग तोच.

आता दोष कुणाचा? रोल जानेवारीत भरलात आणि मे महिन्यात धुवायला आणलात. मधले महिने तो कॅमेऱ्यातच होता, हे तुम्हीच काउंटरवर सांगितलंत. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगणार. तरी सगळं तुमच्यावर ढकलत नाही. ऊटीच्या सरकारी कारखान्यातली ‘इंदू’ फिल्म बंद पडल्यापासून हे रोल परदेशातून येतात, आणि आमच्या फ्रीजमध्ये येण्याआधी ते कुठल्या गोदामात तापले, हे आमच्या हातात नसतं. दोन्हींपैकी काहीही असू शकतं.

पैसे परत देणार नाही. मात्र रोल बनवणाऱ्या कंपनीकडे दावा लावू. मान्य झाला तर सहसा रोलच्या बदल्यात रोल मिळतो, हुकलेल्या फोटोंची भरपाई नाही. बॅच नंबर खोक्यावर असतो, तेवढा खोका आणि निगेटिव्ह घेऊन या.