राणे यांच्याबद्दल आणखी थोडे

सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांच्यावरचा लेख आवडला, पण भारत-पाकिस्तानच्या काश्मीर युद्धातली त्यांची एप्रिल १९४८ मधली कामगिरी 'सुरुंग काढून रस्ता मोकळा केला' एवढ्यावर उरकलीय. खरा थरार तिथेच आहे हो!

जम्मू भागातल्या नौशेराहून राजौरीकडे जाणारा रस्ता शत्रूने झाडे पाडून, पूल उडवून आणि सुरुंग पेरून बंद केला होता. रणगाडे पुढे गेल्याशिवाय राजौरी मिळणार नव्हती. ८ एप्रिलला काम सुरू होताच उखळी तोफांच्या माऱ्यात दोन जवान गेले, पाच जखमी झाले. त्या पाचांत राणे स्वतः होते. तरी ते मागे गेले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखाली रांगत, दोरीने चालकाला खुणा करत ते सुरुंगांतून वाट काढत राहिले. वरून गोळीबार, बाजूला रणगाड्याचे फिरणारे पट्टे. चालकाला खूण समजायला क्षणभर उशीर झाला असता तर? ११ तारखेपर्यंत हे चालले होते. सलग विश्रांती म्हणून नाहीच. १२ ला राजौरी आपली झाली.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात जपान्यांची गस्त असलेली नदी ओलांडून त्यांनी आपली माणसे परत आणली होती, तेही लेखात यायला हवे होते. बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाचा, हा माणूस कारवारजवळच्या चेंडियाचा. शेवटी १९९४ मध्ये पुण्यात वारले.

जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेल्या मोजक्या वीरांपैकी ते एक, पण आपल्या मुलांना त्यांचे नाव माहीत नसते याचे फार वाईट वाटते. लेखकाने त्यांच्यावर सविस्तर दुसरा भाग लिहावाच.