ओव्हरक्लॉक केला म्हणून गेला म्हणे!

आज डोकं फिरलंय, त्यामुळं लांबलचक लिहिणार आहे. ज्यांना कॉम्प्युटरमधलं काही वाचायचं नाही त्यांनी पुढं सरका. बाकीच्यांसाठी: ओव्हरक्लॉक म्हणजे चिप कंपनीनं ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणं.

तासगावच्या भाच्याचा पीसी बंद पडला. गेल्या आठवड्यात तिकडं वळीव झाला, तासाभरात तीनदा लाइट गेली-आली आणि तिसऱ्या वेळी डबा गार. पोरगं तो सांगलीत एका दुकानात घेऊन गेलं. तिथल्या साहेबांनी विचारलं, "बायोसमध्ये काय केलंवतंस?" हा खरं बोलला, "रॅमचं एक्सएमपी चालू केलंय, ३६०० वर." (बायोस म्हणजे पीसीची मूळ सेटिंग्ज, आणि एक्सएमपी म्हणजे रॅम जास्त वेगानं चालवायची त्यातली तयार सेटिंग.) झालं. "ओव्हरक्लॉक केलायस, प्रोसेसरचं आयुष्य संपलं. नवीन घ्यावा लागेल." कॅबिनेटचं झाकणसुद्धा न काढता! वर पाचशे रुपये चेकिंग चार्जेस.

पोराचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता. "मामा, माझ्यामुळं जळला का ओ?"

मला लगेच आमचा सांगलीच्या गणपती पेठेतला ई५२०० आठवला, म्हणजे इंटेलचा त्या नावाचा जुना प्रोसेसर असलेला पीसी. जुन्या मित्रांना तो डबा माहीत आहे. २००९ ची विधानसभा, अण्णांचं डीटीपीचं दुकान आणि वीस बाय दहाचे फ्लेक्स. फाइल सेव्हला टाकली की खाली जाऊन चहा पिऊन यायचं, तरी पट्टी अर्ध्यावरच. नवीन मशीन घ्यायची ऐपत नव्हती. एका रात्री मी बस, म्हणजे प्रोसेसरचा मूळ ठोका, २०० मेगाहर्ट्झवरून २६६ केली. प्रोसेसरचा वेग त्याच्या साडेबारा पट. अडीच गिगाहर्ट्झचा प्रोसेसर ३.३३ वर पळायला लागला. व्होल्टेजला हात लावला नाही, कूलर प्रोसेसरच्या खोक्यातून आलेला तोच. उमेदवार सकाळी ऑर्डर द्यायचे आणि दुपारी डिझाइन घेऊन जायचे.

अण्णांना यातलं काही कळायचं नाही. ते नुसता कॅबिनेटवर तळहात ठेवायचे, लहान पोराचा ताप बघावा तसा. "गरम लागतंय रे," म्हणाले की मी झाकण काढायचो. कूलरच्या पात्यांत पिवळीधमक भुकटी बसलेली असायची. शेजारी हळदीची वखार होती. दाढीच्या जुन्या ब्रशनं झाडलं की तापमान दहा-बारा डिग्रीनं खाली. एप्रिल-मेमध्ये मात्र मी स्वतःच वेग २.९३ वर आणायचो. सांगलीचा उन्हाळा आहे तो, त्याच्याशी पैज लावायची नसते.

मुद्दा एवढाच आहे. नुसत्या वेगानं चिप मरत नाही. ती झिजते व्होल्टेजनं आणि उष्णतेनं. वेग वाढवला तर वीज त्या प्रमाणात जास्त खाते, पण व्होल्टेज वाढवलं की वर्गाच्या पटीत खाते. आतल्या केसाहून बारीक तारांमधून जास्त करंट, तोही तापलेल्या अवस्थेत, वर्षानुवर्षं गेला की धातूचे अणू हळूहळू जागा सोडतात. नदी काठ खाते ना, तसं. हे आपल्याला कृष्णाकाठी कुणी वेगळं सांगायला नको. आणि ही झीज फॅक्टरी सेटिंगवरही चालूच असते. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीच्या प्रोसेसरचं २०२४ साली काय झालं? लोकांनी काहीही छेडलं नव्हतं, तरी चिप स्वतःच जास्त व्होल्टेज मागून खराब होत होत्या. शेवटी कंपनीला वॉरंटी दोन वर्षं वाढवून द्यावी लागली. तिथं कुणाला म्हणणार, तू ओव्हरक्लॉक केलास?

बरं, मान्य करतो. माझाच एक २५००के प्रोसेसर होता, त्याला मी हौसेनं १.४५ व्होल्ट दिले आणि ४.६ गिगाहर्ट्झवर बसवला. तीनेक वर्षांत तो ४.६ धरेना, ४.३ वर आणावा लागला. पाप माझंच. आणि हो, वॉरंटीच्या कागदावर ओव्हरक्लॉकिंग बसत नाही, एक्सएमपीसुद्धा नाही. पुढं.

पण ई५२०० कसा गेला विचारा. गेलाच नाही. बोर्डाचे कपॅसिटर फुगले, दोन एसएमपीएस (पॉवर सप्लाय) जळले, हार्डडिस्क खरखरून मेली. प्रोसेसर तोच. मग २०१९ चा महापूर. पेठेत पाणी शिरलं, डबा चार दिवस पाण्याखाली. अण्णा तोवर गेले होते. चिखल उपसताना सगळं भंगारात दिलं, पण तो प्रोसेसर टाकवेना. त्याच्या खाली पिना नसतात, सपाट सोनेरी ठिपके असतात. नळाखाली धुतला, स्पिरिटनं पुसला, आठवडाभर तांदळाच्या डब्याशेजारी वाळवला. तांदळाचा काही संबंध नाही, आईनं तिथं ठेवला एवढंच. मित्राच्या जुन्या बोर्डवर बसवला आणि चालू! आज तो माझ्याकडं लिनक्सवर आहे, ३.३३ वरच. परवा चालू असताना मीही वरून तळहात ठेवून बघितला. उगीच.

असो. दुपारी तासगावला गेलो. झाकण काढायच्या आधीच मागच्या जाळीतून जळका वास. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस, हातात घेतला तर रिकाम्या डब्याइतका हलका. तो एकटा चालू होतो का म्हणून हिरवी आणि काळी वायर जोडून बघितलं, पंखा हलेना. माझ्याकडचा दुसरा लावला, बटण दाबलं, स्क्रीन आली. प्रोसेसर ठणठणीत, रॅम ठणठणीत. वीस हजारांचा खड्डा पडणार होता पोराच्या बापाला, तोही ऊस बिलाची वाट बघत असताना.

भाचा हळूच म्हणाला, "मामा, एक्सएमपी परत चालू करू?"

कर म्हणालो. यूपीएस मात्र घेऊन दे म्हणून दाजींना सांगून आलोय.

आणि ते पाचशे रुपये मागायला उद्या दुकानात जाणार आहे. पोरगं म्हणतंय, "जाऊ दे की मामा, कशाला भांडण." म्हटलं, तू नुसता गाडीवर माझ्या मागं बस, बोलायचं मी बघतो.