परागकण वाऱ्यानं उडतात, मान्यच आहे (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार, तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंत म्हणून उत्तरही जरा लांबणार आहे. तळ्याच्या गाळातल्या परागकणांवरून जुन्या काळची झाडी कशी ओळखतात, या माझ्या लेखावरचे तुमचे दोन आक्षेप मला असे कळले. परागकण वाऱ्याबरोबर कुठूनही येतात, मग ते तळ्याच्या गाळात मिळाले म्हणून तिथेच ती झाडं होती असं कसं म्हणायचं? आणि दुसरा, थराचं वय परागकणांवरून काढायचं आणि परागकणांचं वय थरावरून, म्हणजे कोंबडी आधी की अंडं आधी.

दुसऱ्याचं आधी घेतो, कारण तिथे माझंच वाक्य चुकलंय. "परागकणांवरून गाळाची तारीख काढतात" असं मी लेखात सरसकट लिहून टाकलं. गेल्या काही हजार वर्षांच्या गाळात तारीख बहुतेक वेळा कार्बन-१४ वरून (जुन्या पालापाचोळ्यात काळाबरोबर घटत जाणारा किरणोत्सारी कार्बन) येते, परागकण फक्त सांगतात की त्या काळात आजूबाजूला काय उगवत होतं. फार जुन्या खडकांत मात्र ते खरंच वय सांगतात, कारण वनस्पतींच्या जाती येतात आणि कायमच्या जातात. पण तिथेही गोल गोल फिरणं नाही. पुण्यातल्या वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत जो काळा पत्थर दिसतो तो दख्खनच्या लाव्हाचा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि हे वय किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून मोजलेलं आहे, त्यात परागकणांचा काडीचा संबंध नाही. या लाव्हाचे लोंढे थांबून थांबून आले, मधल्या काळात तळी साचली आणि त्यांचा गाळ पुढच्या लोंढ्याखाली गाडला गेला. जबलपूरजवळ पडवारला अशाच गाळात ॲक्विलापोलेनाइट्स नावाचे, हात फुटल्यासारखे दिसणारे परागकण मिळालेत, जे क्रेटेशियसच्या, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडाच्या, अखेरच्या टप्प्याची ओळखीची खूण आहेत. लाव्हाचं वय वेगळ्या वाटेनं आलं आणि परागकणांचं वेगळ्या वाटेनं, आणि दोन्ही जुळली. असा खुंटा एकदा पक्का ठोकला की जिथे लाव्हा नाही तिथल्या खडकातही तोच परागकण कामाला येतो.

आता वारा. मी मागे सप्टेंबरमध्ये गॅलरीत काचपट्टीला व्हॅसलीन लावून दोन दिवस ठेवली होती आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तर गवताचे परागकण सगळीकडे, गुळगुळीत गोल आणि त्याला एकच भोक, आणि मधेमधे बारीक काट्यांचे चेंडू, म्हणजे बहुधा आपलं गाजर गवत. खाली सोसायटीत कण्हेर आणि जास्वंद भरभरून फुललेली, त्यांचा एकही कण नाही! कारण त्यांचा पराग कीटक नाहीतर पक्षी नेतात, वारा नाही. म्हणजे तुम्ही म्हणता ते खरंच आहे, काचेवर जे पडतं ते आजूबाजूच्या झाडीचं जसंच्या तसं चित्र नसतं. पण हा तिरपेपणा मोजता येतो. लोणारला आजच्या मातीचे नमुने घेऊन, कुठल्या झाडीखाली कुठले कण किती पडतात, हे बघितलं गेलंय. आज किती फरक पडतो ते कळलं की जुन्या थराचे आकडे त्या हिशोबानं वाचायचे. शिवाय लोणारच्या गाळात पाणी आटून खारट झाल्यावर तयार होणारे गेलुसाइटचे स्फटिक मिळाले, आणि त्यावरून साधारण ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी पाऊस लांबकाळ कमी होता असं दिसलं. स्फटिक काही वाऱ्यानं उडून येत नाहीत, म्हणून मला असा दुसरा साक्षीदार फार मोलाचा वाटतो.

गाजर गवतावरून आठवलं. भारतात ते फोफावल्याची नोंद पुण्यातलीच, १९५० च्या दशकातली. त्यामुळे उद्या कोणी पाषाण तळ्याचा गाळ उभा कापून काढला तर तो काटेरी चेंडू जिथून भरपूर दिसायला लागेल तिथून वरचा गाळ त्यानंतरचा, असं म्हणता येईल. फक्त सूर्यफुलाच्या कुळातले बरेच कण काटेरी असतात, त्यामुळे काट्यांची लांबी आणि ठेवण नीट तपासावी लागेल. अमेरिकेत गोऱ्यांनी जंगलं तोडून शेती सुरू केल्याची खूण म्हणून रॅगवीड नावाच्या तणाचे परागकण असेच वापरतात.

तुम्ही न काढलेला एक आक्षेप मीच काढतो, कारण मला तो जास्त गंभीर वाटतो. टक्केवारी. मोजलेल्या कणांत गवताचे ४० टक्क्यांवरून ६० वर गेले म्हणजे गवत वाढलंच असं नाही, झाडं कमी झाली तरी आकडा तसाच येतो. म्हणून नमुन्यात लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या बीजाणूंची मोजलेली संख्या असलेली गोळी टाकतात, आणि मग त्या बीजाणूंच्या तुलनेत परागकण किती दिसतात यावरून एका ग्रॅम गाळात खरे कण किती ते काढतात. ही गोळी न टाकता काढलेले नुसते टक्के दिसले की मी फार जपून वाचतो.

आणि शेतातल्या काळ्या मातीत परागकण नीट टिकत नाहीत, हे तुम्ही म्हणालात ते शंभर टक्के बरोबर. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरचे कण खाली जातात, हवा लागून उरलेलेही खराब होतात. शेतातल्या मातीवर असं काम जमत नाही, तळं किंवा दलदलच लागते. मूळ लेखात हे वाक्य राहून गेलं होतं, आज टाकतोय, आणि तारखेचं ते वाक्यही बदलतोय.