‘सावधान’ मागाहून येईल

घरात २००६ सालच्या लग्नाची डीव्हीडी पडून असेल तर तिचा बॅकअप यंदा करूनच घ्या. इंदुरात त्यासाठी फार हिंडावं लागत नाही. सकाळी दुकानात डिस्क आणि पेन ड्राइव्ह द्यायचा, संध्याकाळी घेऊन यायचा. मग रामबागेतल्या काकूंना, आत्यांना गोळा करून टीव्ही लावायचा. अंतरपाट दूर होतो, माळा पडतात, अक्षता उडतात, लोक जेवायला वळतात आणि मग सावकाश भटजींचं ‘शुभमंगल सावधान’ ऐकू येतं. तक्रार घेऊन गेलात तर उत्तर तयार असतं: ‘भिया, ओरिजिनल में ही ऐसा है.’

हाच दर्जा घरबसल्या मिळवायचा असेल तर पुढची पथ्यं पाळा.

डिस्क शर्टाच्या टोकाने गोल गोल पुसा. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसली तर ती वाचली जाण्याचा धोका असतो.

ओरखड्यापाशी ड्राइव्ह अडकला की ‘स्किप’ दाबा. दर वेळी दाबा. पाल (आपल्याकडची, सेकंदाला २५ चित्रांची पद्धत) डिस्कवर चित्रं साधारण १२-१२ च्या गटात बांधलेली असतात. गटाचं पहिलंच चित्र गेलं की जवळजवळ अर्ध्या सेकंदाचं दृश्य बाद होतं, आवाज मात्र तेवढाच जाईल असं नाही. राहिलेलं सगळं सलग चिकटवलं की त्या जागेपासून पुढे आवाज सरकलेलाच राहतो. पुढच्या ओरखड्याला आणखी सरकतो. सप्तपदीला पाव सेकंद, विहिणीच्या पंगतीला पाऊण. प्रगती आहे.

आता मुख्य विधी. डिस्क उघडली की ‘व्हिडिओ टीएस’ फोल्डर दिसेल आणि त्यात चित्र आणि आवाज ठेवणाऱ्या व्हीओबी फायली, एकेक जास्तीत जास्त १ जीबीची. भरलेल्या ४.७ जीबीच्या डिस्कवर असे पाच तुकडे असतात. हे पाच स्वतंत्र व्हिडिओ आहेत असं मनाशी पक्कं करा. शून्य नंबरची फाइल म्हणजे मेन्यू, तीही सोबत घ्या. काही केबींच्या आयएफओ फायली म्हणजे कचरा, उडवा. मग प्रत्येक तुकडा वेगवेगळा एमपी४ करा आणि एडिटरमध्ये एकापुढे एक लावा. झालं! तुकडे पडलेत ते आकार बघून, प्रसंग बघून नव्हे. एसी३ (डीव्हीडीवरच्या आवाजाचा एक प्रकार) आवाजाची एक फ्रेम ३२ मिलिसेकंदांची, पाल चित्राची ४० ची, म्हणजे दोघांचे काप एका जागी येत नाहीत. शिवाय फायलीत चित्राचा डेटा आवाजाच्या थोडा पुढे चालतो, म्हणजे पहिल्या तुकड्यातल्या शेवटच्या चित्रांचा आवाज दुसऱ्या तुकड्याच्या तोंडाशी असतो. तो तिथे उपरा ठरतो. कन्व्हर्टर त्याला कापतो, नाहीतर त्याच्या जागी शांतता भरतो. चार सांधे, चार वेळा हेच. आणि हे करणारा माणूस पहिली दोन मिनिटं वाजवून ‘चेक कर लिया’ म्हणतो! अहो, पहिल्या दोन मिनिटांत सांधा येतोच कुठे? शेवटची दोन मिनिटं कोण बघणार? ती आयएफओ फाइल कचरा नव्हे, कुठला तुकडा कुठे सुरू होतो ते तीच सांगते. मेकएमकेव्ही या प्रोग्रामला आख्खं फोल्डर दिलं की तो ती वाचून सगळं सलग एका फायलीत ठेवतो, काहीही कन्व्हर्ट न करता. तेवढ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पण नाही, एमपी४च हवं, कारण ‘मोबाइल में चलेगा’.

असो. उपदेशाकडे वळू.

फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) विचारला तर ३० टाका. आपली डिस्क २५ ची, पण ३० मोठा आकडा आहे. एडिटरने जादा फ्रेम न भरता नुसतं लेबल बदललं तर तासाचं चित्र ५० मिनिटांत उरकतं आणि आवाज आपला ६० मिनिटं चालतो. सून सासरी पोचते तेव्हा मंडपात सनई वाजतच असते.

चित्र आणि आवाज वेगळे काढताना डीजीइंडेक्स हा प्रोग्राम आवाज किती सरकवायचा ते फायलीच्या नावातच ‘डिले -६६ एमएस’ असं लिहून देतो. नाव विचित्र दिसतं. बदलून ‘ऑडिओ फायनल’ करा.

चित्र-आवाजाची जुळणी तपासायला ब्लूटूथ स्पीकरच वापरा. तो स्वतःच शेकडो मिलिसेकंद मागे असू शकतो.

आणि काहीही बिघडलं तरी औषध एकच: आवाज एक सेकंद पुढे ढकला. नाही जमलं तर एक सेकंद मागे. सुरुवातीला जुळवलं की शेवटी बिघडतं, शेवटी जुळवलं की सुरुवातीला. काकूंना बसवून ठेवा आणि ढकलत राहा.

पण ढकलायच्या आधी बघायला काय होतं? व्हीएलसी प्लेयरमध्ये आवाज लवकर येत असेल तर ‘के’ दाबायचं, उशिरा येत असेल तर ‘जे’; एका दाबाला ५० मिलिसेकंद. एकदा सुरुवातीला, एकदा मध्ये, एकदा शेवटी मोजायचं. टाळी बघा, तबल्यावर पडणारा हात बघा, भटजींच्या ओठांवर विसंबू नका. आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी डोळ्याला खटकतो. उशिरा आला तर १२५ पर्यंत खपून जातो. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर आणि तरच एमकेव्हीटूलनिक्स या प्रोग्रामच्या ‘डिले’त तो आकडा टाका. फरक सारखा वाढत असेल तर डिले घालून काहीही होणार नाही, काहीही! वेगातच चूक आहे. तासाला ३.६ सेकंद फरक पडत असेल तर ती हजारात एकाची चूक, म्हणजे २९.९७ ला (हा पालचा नव्हे, अमेरिकी पद्धतीचा फ्रेमरेट) कुणीतरी ३० म्हटलंय. आवाज तेवढा मागे पडत असेल तर त्याच खिडकीत चित्राच्या ट्रॅकला ‘स्ट्रेच’ १.००१ द्या. चित्रालाच, आवाज ताणलात तर सनई रडेल. मध्येच एकदम उडी असेल तर ती जागा ओरखड्याची. तिथे डिले-स्ट्रेच काही करत नाही, डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पुन्हा वाचावी लागते.

आणि दुकानदारांनो, ‘ओरिजिनल में ही ऐसा है’ हे बोलायच्या आधी ओरिजिनल लावून बघा की! डिस्क तुमच्याच हातात आहे. प्लेयरमध्ये घाला, दहा मिनिटं बघा. डिस्कवर चित्राच्या आणि आवाजाच्या पाकिटांवर वेळेचे शिक्के असतात, सेकंदाला ९०,००० टिकटिक करणाऱ्या घड्याळाचे. प्लेयर ते वाचून दोघांना जुळवतो, तुमचा फुकटातला कन्व्हर्टर ते फेकून देतो. दोष लग्नाचा नाही, वीस वर्षं जुन्या डिस्कचा नाही आणि शूटिंग करणाऱ्याचा तर मुळीच नाही. लोकांकडे ती एकच प्रत असते. त्यातली निम्मी माणसं आता फक्त त्या डिस्कवरच बोलतात. पैसे मोजून घेता ना? मग आधी आख्ख्या डिस्कची आयएसओ इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, काढा, ती गिऱ्हाइकाला द्या, आणि मग तुमचं एमपी४ करायचं तर करा. ‘बॅकअप हो गया, अब ये फेंक दो’ हा सल्ला कुणालाही देऊ नका. डिस्क कव्हरमध्ये घालून परत करा.