टिळक अंदमानात नव्हते

‘लोकमान्यांनी गीतारहस्य अंदमानच्या कोठडीत लिहिले’ हा फिरता मजकूर चुकीचा आहे. घोळ होतो तो शिक्षेच्या नावामुळे. २२ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. दावर यांनी ‘केसरी’तील दोन लेखांवरून ठोठावलेली शिक्षा कायद्याच्या भाषेत काळ्या पाण्याचीच होती: ६ वर्षे, शिवाय १००० रुपये दंड. ज्युरीतही एकमत नव्हते. ७ विरुद्ध २. पण पुढे शिक्षेचे रूपांतर साध्या कैदेत झाले. आधी साबरमती, मग ब्रह्मदेशातले मंडाले. १९१४ च्या जूनमध्ये सुटका. ग्रंथ मंडालेतच, १९१०-११ च्या हिवाळ्यात, शिसपेन्सिलीने लिहिला गेला. शाईला परवानगी नव्हती. अंदमानात होते ते सावरकर, १९११ पासून. कृपया दोघांचे तुरुंग एक करू नका.